भुसावळची रेल्वे पलटण

काल लेकीनं शाळेच्या बँडसाठी ट्रम्पेट पॉलिश करायला घेतला, आणि पितळेच्या पॉलिशचा तो उग्र वास मला थेट अमेरिकेतल्या ॲन आर्बरला घेऊन गेला.

नव्वदच्या दशकातला बर्फाळ रविवार होता. मी विद्यार्थी होतो आणि ग्रेस आंटीकडे भाड्यानं राहायचो. ती मूळची भुसावळची अँग्लो-इंडियन. स्वयंपाकघरात बसून ती वडिलांचा पितळी बिल्ला घासत होती.

"डॅडी इंजिन ड्रायव्हर होते," ती अभिमानानं म्हणाली. "इंग्रजांच्या काळात रेल्वेवाल्यांची स्वयंसेवक पलटण होती ना, तिच्यात रायफल घेऊन परेड करायचे. हा तिचाच बिल्ला."

"माझे आजोबा तिथल्याच इंजिनांच्या शेडमध्ये कोळसा वाहायचे," मी म्हणालो. "पण ती पलटण गोऱ्यांची आणि अँग्लो-इंडियनांची. काळ्या माणसाच्या हातात रायफल देत नव्हते, आंटी."

तिचा हात थांबला. आता खोली सोडावी लागणार, असं मला वाटलं.

"नाव काय त्यांचं?" तिनं विचारलं.

"सखाराम."

अमेरिकेत इतकी वर्षं काढल्यावर जीभ वळेना, तरी नीट जमेपर्यंत ती ते नाव म्हणत राहिली. मग समोरची खुर्ची ओढून म्हणाली, "बैठ, बेटा. टेल मी अबाउट हिम."

तेव्हा खोली टिकली म्हणून हायसं वाटलं होतं. आता कळतं, लहानपणापासून जपलेल्या आपल्या गोष्टीत तिनं त्या दिवशी माझ्या आजोबांना जागा करून दिली होती.