बद्रीनाथअण्णांची थरथरणारी गाडी

आमच्या गारखेड्याच्या गल्लीत बद्रीनाथअण्णांच्या नजरेतून सुटेल अशी वस्तू अजून घडायची आहे. तीस वर्षं ते जकात नाक्यावर कारकून होते. ट्रकवाला म्हणायचा कांदे, अण्णा म्हणायचे ताडपत्री काढ. पुढं नाका बंद झाला, अण्णा निवृत्त झाले. पण जित्याची खोड ती. आता ताडपत्री नाही तर दूधवाल्याच्या कॅनचं झाकण. मी त्यांचा शेजारी, निवृत्त मास्तर. माझ्या घरी पाहुणे काय घेऊन आले ते मला आधी अण्णांकडून कळतं.

त्यांची सून दीपमाला वेरूळच्या पुढं एका शाळेत हंगामी शिक्षिका आहे. मुलगा सोमनाथ कंपनीच्या बसनं जातो, म्हणून गाडी तिच्याकडे. मागच्या महिन्यात गाडीला नवे टायर घातले आणि पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "अण्णा, ऐंशीच्या पुढं गेलं की स्टिअरिंग थरथरतंय."

अण्णांच्या मनात लगेच पाल चुकचुकली.

"कुठं आदळलीस?"

"कुठंच नाही."

"मग आपोआप थरथरती व्हय?"

त्याच संध्याकाळी चावी त्यांच्या खिशात गेली. दीपमाला सकाळी सहाला घर सोडून क्रांती चौकातून स्टँड गाठायला लागली. आठवड्यात दोनदा शाळेत उशीर झाला. तिसऱ्यांदा झाला तर दुसरी बाई बघू, असं मुख्याध्यापकांनी तिला सांगितलं. इकडं अण्णा टॉर्च घेऊन दोन दिवस बंपरखाली ओरखडा शोधत होते. तो सापडला नाही, तर म्हणाले, "रंगवून घेतलाय."

मला राग आला. म्हटलं, पोरीवर असा आळ घेऊ नका. तर म्हणाले, "सर, तुम्हाला पोरं खरं सांगत असतील. मला नाक्यावर कुणीच सांगितलं नाय." मला त्यांची थोडी कीव आली. पण पोरीची जास्त आली, आणि मी त्यांना हट्टानं बीड बायपासला शौकतभाईच्या टायरच्या दुकानात नेलं. आत शिरण्याआधी अण्णांनी चारही टायरचे नंबर तळहातावर लिहून घेतले. टायर बदलला तर? शौकतभाईनं ते पाहिलं आणि चावी मागितली.

आम्हाला दोघांना मागं बसवून त्यानं बायपासवर गाडी काढली.

"सत्तरला शांत हाय," तो म्हणाला. "ऐंशीला हातात येतंय. सीट नाय हलत, नुस्तं स्टिअरिंग हलतंय, मंजे पुढच्या चाकात हाय कायतरी. ब्रेक मारल्यावर वाढत नाय, तवा ब्रेकचं काम नाय."

"आदळली असंल कुठंतरी," अण्णा म्हणाले.

"चाचा, चाक खोलल्याबिगर मी कुणाचं नाव घेत नाय."

दुकानात त्यानं पुढचं डावं चाक काढून मशीनवर फिरवलं. आकडा आला पस्तीस ग्रॅम. त्यानं रिमच्या आतल्या बाजूवर अंगठा फिरवला. तिथं वाळलेल्या गोंदाची लांबट खूण होती.

"हे बघा. चाक कुठंतरी जड, कुठंतरी हलकं असतंच. हलक्या बाजूला वजनाची पट्टी चिकटवतात. ती गेली इथली. रिम सरळ हाय, टायर बी चांगला हाय. खड्ड्यात उडाली असंल."

आता अण्णा 'बघा, मी म्हणत नव्हतो?' म्हणणार, म्हणून मी मनाची तयारी केली. पण ते त्या गोंदाच्या खुणेवर वाकले.

"कशी असती ही पट्टी?" त्यांनी विचारलं.

शौकतभाईनं एक करडी पट्टी त्यांच्या हातावर ठेवली. अण्णा तिच्याकडं बघतच राहिले.

"हिच्याखाली काय नसतं?"

"खाली काय असणार, चाचा? गोंद."

पट्टी बसवल्यावर गाडी नव्वदलासुद्धा शांत चालली. घराजवळ आल्यावर अण्णांनी मला थांबवलं.

"सर, शौकत म्हणतो खड्ड्यात उडाली. घरी तेवढंच सांगावं का?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. खोदून विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. एका रविवारी गाडी धुताना त्यांच्या बोटाला ती पट्टी लागली होती. चिकटवलंय म्हणजे खाली काहीतरी झाकलंय, हा तीस वर्षांचा अनुभव. टायरवाल्यानं रिमची चीर लपवली असणार, असं धरून त्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं पट्टी खरडून काढली. चीर निघाली नाही. पट्टी गटारात टाकून दिली आणि फजिती नको म्हणून कुणाला सांगितलं नाही. त्या पट्टीचा नि थरथरण्याचा काही संबंध असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"काय सांगायचं ते तुम्ही ठरवा," मी म्हणालो. "पण मी ऐकायला येणार आहे."

दीपमाला ओट्यापाशी बसून मेथी निवडत होती. अण्णा चावी हातात घेऊन तिच्यासमोर उभे राहिले.

"चाकाचं वजन निघालं व्हतं. ते मी काढलं. तुझा कायबी दोष नाय."

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्या रविवारी चाकाशी बसून खरडताना मी तुम्हाला बघितलं होतं."

"मग बोलली का नाय?"

"कुठंच आदळली नाही, हे खरं सांगितलं, ते तुम्हाला पटलं नाही. वर तुमचंच नाव घेतलं असतं तर पटलं असतं?"

आता अण्णा आडवळणं घेणार, असं मला वाटलं. त्यांनी घेतली नाहीत.

"नाय," ते म्हणाले. "सोताचं झाकायला माझं नाव घेतीस, असंच म्हणलो असतो."

दीपमालानं हात पुसून चावी घेतली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. अण्णा तिथंच उभे राहिले. तिनं एकदा वर बघावं म्हणून ते थांबले होते, हे मला दिसत होतं. ती बघत नव्हती.