चौकोन कापणारं मशीन आणि आमच्या जाऊबाई

गांधीबागेत त्या दिवशी मी चक्क एका मशीनच्या प्रेमात पडले... आणि दिवस मावळायच्या आत ते प्रेम उतरलंही!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही नुकतेच प्रताप नगरला राहायला आलो होतो आणि मोठे दीर-जाऊबाई नंदनवनला. भांडण-बिंडण काही नाही हो... घर पुरेना, म्हणून दोघा भावांनी आपापली सोय केली. पण नागपूरची दोन टोकं झाली ना!

घरं वेगळी झाली आणि माझं गोधड्यांचं काम अडलं. आमची वाटणी ठरलेली होती... जाऊबाई कापणार, मी शिवणार. जुन्या लुगड्यांचे, शर्टांचे चौकोन त्या नुसत्या नजरेच्या अंदाजाने असे कापायच्या की कोपऱ्याला कोपरा बरोब्बर बसायचा. मी कापलं तर एक बाजू विदर्भात आणि दुसरी कोकणात!

शेजारणी गोधडीसाठी मागे लागलेल्या, आणि कपड्यांचं गाठोडं पलंगाखाली तसंच. मी कैची घेऊन बसायचे, दोन चौकोन कापायचे आणि उठायचे. मनच लागत नव्हतं.

अशात कळलं, गांधीबागेतल्या एका कापडवाल्याने चौकोन कापायचं मशीन विकायला ठेवलंय. आमचे हे म्हणाले, "जाऊन पाहून तं ये वं. कामाचं असन तं घेऊन टाकू."

गाठोडं घेऊन निघाले. जाऊबाईंना मात्र मुद्दाम कळवलं नाही. माझ्या जागी हिने लोखंड आणून बसवलं, असं त्यांना वाटलं असतं तर... नुसत्या विचारानेच कसंतरी झालं.

मशीन म्हणजे मुळात चपलांचे तळ कापायचा हाताचा प्रेस. त्याला धारदार पात्याचा चौकोनी साचा लावलेला. कापडाचे थर एकावर एक ठेवायचे, वर साचा, आणि दांडा खाली ओढायचा... खट्! शंकरपाळ्यांसारखे चौकोनच चौकोन.

"कपडा सपाट पाहिजे बाई," दुकानदार बजावत होता. "शिलाई नको मधात. अन् बटन तं बिलकुल नको, धार जाते."

दांडा मी स्वतः ओढून पाहिला. तुकडे एकमेकांवर ठेवून कडा जुळवल्या. खोट काढायला जागाच नव्हती. अख्ख्या हिवाळ्याचं कापणं, समोरच्या टपरीवरून चहा यायच्या आत संपलं.

आनंद व्हायला हवा होता ना? मला मात्र रडू यायला लागलं. सासूबाईंचं जांभळं लुगडं कापून झालं... आणि कुणी काही बोललंच नाही!

जाऊबाईंनी ते आधी मांडीवर पसरलं असतं. हे कुणाच्या लग्नात नेसलं होतं, तिथे कोण रुसलं होतं, जिलबी कशी कमी पडली... हे सगळं सांगून झाल्यावर मग कैची लागली असती. दोन चौकोन कापायला अर्धी दुपार, आणि आम्ही दोघी हसून हसून आडव्या.

"मग, बांधून देऊ का?" दुकानदाराने विचारलं. "उद्या सांगते" म्हणाले आणि तुकडे पिशवीत भरले. घरची बस पकडायची सोडून मी नंदनवनच्या बसमध्ये जाऊन बसले.

जाऊबाईंनी दार उघडलं. "काहून वं? एकटीच आली? सगळं बरं आहे ना?"

मी गडबडले. तुमची आठवण येते म्हणून आले, असं सांगायची लाज वाटली मला. मग तुकडेच पुढे केले आणि मशीनचं सगळं सांगून टाकलं.

त्यांनी चौकोन उलटेपालटे करून पाहिले, कडेवरून बोट फिरवलं. "माह्याहून बेस कापते वं हे. घेऊन टाक."

ना राग, ना टोमणा. रुसल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो! इतक्या सहज "घेऊन टाक" म्हणाल्या, म्हणजे मी मागे लागलेय आणि त्यांचं तिकडे छान चाललंय, असंच मला वाटलं.

मग मात्र राहवलं नाही. "मले मशीन नाही पाहिजे जी. मले तुमी पाहिजे. तिकडं दुपारचं घर खायले उठते."

जाऊबाई तडक उठल्या. आत गेल्या आणि ट्रंक ओढत बाहेर आणली. झाकण उघडलं तर आत चौकोन... गठ्ठे बांधून, रंगांप्रमाणे लावून ठेवलेले. दिरांचे शर्ट, पोरांचे शाळेचे कपडे, स्वतःची दोन धडकी पातळंसुद्धा बाईंनी कापून टाकली होती! आणि त्यांना साधा धावदोरा धड घालता येत नव्हता.

"दुपार झाली का हात कैचीकडेच जाते माहा," त्या म्हणाल्या. "पण शिवन कोण? तू तं तिकडं जाऊन बसली."

दोघी आधी रडलो, मग एकमेकींकडे बघून हसलो, मग चहा झाला. मशीन काही घेतलं नाही. पुढे इकडून तिकडे जाणाऱ्या कुणाच्या ना कुणाच्या हाती त्यांचे चौकोन यायचे आणि माझ्या गोधड्या जायच्या. महिन्यातून एखादी दुपार आम्हा दोघींची... पण एका घरातलं ते रोजचं बसणं काही परत आलं नाही.

जाऊबाई गेल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. हल्ली तसली मशीनं घरबसल्या मागवता येतात, ओळखीच्या पोरी विचारतात, "घ्यावं का हो?" मी म्हणते, जरूर घ्या, खरंच फार सुंदर कापतं. मला मात्र तेव्हा त्या हव्या होत्या... अजूनही हव्या आहेत.