पाटीवर वाळलेले पापड

माझ्या नाकावर राग असतो, हे सासरी पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळलं होतं. माहेर वणीकडचं. तिथे बटण दाबलं की दिवा लागायचा. लग्न होऊन आले ती पेठ तालुक्याच्या डोंगरातल्या एका छोट्या वस्तीवर. विजेचे खांब गावापर्यंत आले होते, पण मधला ओढा ओलांडून आमच्याकडे यायचं त्यांना आजवर जमलेलं नाही. त्यामुळे दिवस मावळला की कोनाड्यात रॉकेलची चिमणी पेटायची. पत्र्याची डबी, झाकणाला भोक आणि त्यातून वर काढलेली चिंधीची वात. तिच्या उजेडात भाकरी थापायची म्हणजे हाताच्या अंदाजाने थापायची. सकाळी नाक शिंकरलं की काळं. पुढे रेशनवर रॉकेल मिळेनासं झालं आणि लोक चिमणीत डिझेल घालायला लागले. मग तर विचारूच नका, घरात ट्रॅक्टर चालू करून ठेवल्यासारखा वास.

तरी मी चालवून घेतलं असतं. पण एका संध्याकाळी माझी तीन वर्षांची लेक जमिनीवर पडलेली बांगडी शोधायला चिमणी घेऊन खाली बसली आणि तिच्या फ्रॉकच्या कडेने पेट घेतला. नवऱ्याने झडप घालून गोणपाटाने विझवलं. पोरीला काही झालं नाही, नशीब थोर. मी मात्र त्या दिवसापासून धसकलेच. मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि हे बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. या घरात पाळणा बांधायचा तर चिमणी आधी बाहेर गेली पाहिजे, असं मी मनाशी पक्कं केलं.

त्याच सुमारास आमच्या बचत गटातल्या बायकांना सौरदिवे मिळाले. छपरावर लावायची काचेची पाटी, घरात एक बॅटरी आणि दोन बल्ब. आमच्या गोठ्याची पडवी ठेंगणी, म्हणून पाटी तिथेच बसवली. पेठेतून आलेल्या वायरमनने जाताना बजावलं, "पाटी रोज पुसायची आणि तिला दिवसभर ऊन लागू द्यायचं. बाकी काही करावं लागत नाही."

आता घरात कोणाचं चालायचं, तर सासूबाईंचं. आमच्या वस्तीचं हायकोर्टच त्या. त्यांनी बल्बकडे मान वर करून बघितलं आणि निकाल दिला, "लागू दे. पर शेवटचं भांडं घासून व्हईस्तोवर टिकला तरच म्या त्याला दिवा म्हनंन. नाय टिकला तर माझी चिमनी जागची हालायची नाय."

म्हटलं, ठीक आहे, बघू.

पहिले काही दिवस दिवा झकास लागला. नवरा जेवताना ताटातलं मीठ कुठे आहे ते बघून खूश झाला. लेक भिंतीवर हाताच्या सावल्या पाडत बसायची. मला तर चुलीमागची जळमटं पहिल्यांदाच दिसली आणि इतकी वर्षं आपण यांच्या सोबतीने स्वयंपाक करत होतो या विचाराने अंगावर काटा आला. पण चैत्र लागला आणि दिव्याची तब्येत बिघडली. भाकरी थापेपर्यंत ठीक, ताटं वाढली की पिवळा पडायचा आणि हात धुवायच्या आत डोळे मिटायचा. सासूबाई काही बोलायच्या नाहीत. शांतपणे उठून चिमणी पेटवायच्या. त्यांचं ते न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त झोंबायचं. सासू-सुनेच्या मध्ये पडण्याइतका नवरा मूर्ख नव्हता. तो म्हशीला पाणी पाजायला निघून जायचा.

बरं, हे आमच्याच घरात नव्हतं. वस्तीवरच्या सगळ्याच दिव्यांना तीच खोड लागली. बायका म्हणायला लागल्या की माल फसवा आहे, सगळे दिवे परत करून टाकू. मी वायरमनला बोलावलं आणि तो दारात आल्याबरोबर तोंडाचा पट्टा सोडला. बिचाऱ्याने बॅटरी तपासली, तारा हलवून बघितल्या आणि डोकं खाजवत म्हणाला, "ताई, सगळं चांगलं हाय. ऊन कमी पडतंय बघा."

"चैत्रात? पेठेत?" मी ओरडले. "माणसं करपायला लागली आणि ऊन कमी?"

तो संध्याकाळचा आला होता. पाटी तेव्हा लख्ख पुसलेली, मोकळी होती. पाटीत त्याला दोष सापडेना आणि माझ्या तोंडापुढे त्याला थांबवेना. तो गेला. माझ्या डोळ्यांसमोर मात्र पाळण्याशेजारची ती काळी डबी येत राहिली. बाळ यायला फार दिवस उरले नव्हते.

दिवसभर मी आणि नवरा ओढ्याकाठच्या मिरचीत असायचो. घरी यायचो ते दिवस कलल्यावर. एकदा पाठीत कळ आली म्हणून मी दुपारीच वर आले. अंगणात पाय ठेवला आणि बघतच राहिले. पडवीवरच्या पाटीवर माझ्या सासऱ्यांचं जुनं पांढरं धोतर अंथरलेलं. त्याच्यावर नागलीचे पापड, एकाला एक चिकटून, कडेपर्यंत. काचेचा कोपरासुद्धा दिसत नव्हता. आणि खाली सावलीत सासूबाई कावळे हाकायला काठी घेऊन बसलेल्या.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? चोर सोडून मी संन्याशाला फाशी देत होते.

"आत्याबाई!" माझा आवाज ओढ्यापलीकडे गेला असेल. "हे काय मांडलंय?"

"पापड," त्या म्हणाल्या. आंधळी आहेस का, असा चेहरा.

"पाटीवर?"

"मग? भुईवर घातले तर कोंबड्या फिरत्यात, माती उडती. हितं ऊन बी लय चांगलं अन् काच तापती, एका दिसात कडकडीत वाळत्यात. सकाळी धुवून पुसून घेते की पाटी. त्यो मानूसच म्हनला व्हता पुसायला."

"अहो, ऊन पाटीला लागायला पाहिजे!"

"लागतंयच की. पापडाला लागतंय, ते खाली तिलाबी लागतंय. ऊन काय संपतंय व्हय?"

माझा पारा असा चढला की जीभ आवरेना. म्हटलं, "तुम्हाला तो दिवा नकोच होता. म्हणून मुद्दाम केलंत."

सासूबाई काठी टेकत उठल्या. माझ्याहून हातभर बुटक्या, पण त्या क्षणी मला वर बघावं लागतंय असं वाटलं.

"नको असता तर म्या पापड घातले असते व्हय गं? धोंडा घातला असता."

खरंच होतं ते. त्यांना मोडायचं असतं तर त्यांनी पापड थापत बसायची मेहनत कशाला घेतली असती? मला हसू फुटलं. मग त्याही हसल्या, हाताला धरून मला ओट्यावर बसवलं आणि पाणी आणून दिलं. पाणी पिता पिता बाकीचंही बाहेर आलं. या नव्या वाळवणाच्या जागेचं कौतुक त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं होतं. वस्तीवरच्या एकूण एक पाटीवर त्या दुपारी काही ना काही वाळत होतं. कुठे पापड, कुठे मिरच्या, एकीकडे तर धुतलेली गोधडी. संध्याकाळी सगळ्या जणी वाळवण गोळा करून पाटी स्वच्छ पुसायच्या आणि दिव्याच्या नावाने बोटं मोडायच्या.

सासूबाईंनी पदर खोचला आणि त्याच पावली सगळ्या घरांतून फिरून आल्या. जिथे त्यांनी शहाणपण शिकवलं होतं तिथे ते परत घेताना त्यांना जराही संकोच वाटला नाही. उलट एकीला म्हणाल्या, "तुला कुनी सांगितलं गं हितं घालायला?"

दोनच दिवसांत दिवा पूर्वीसारखा झाला. शेवटचं भांडं घासून झालं, ओटा पुसून झाला, लेक झोपली, तरी बल्ब आपला टक्क जागा. सासूबाई कबूल करतील तर शपथ, पण चिमणी पेटवायला त्या उठेनाशा झाल्या. तरी ती कोनाड्यातून हलली मात्र नाही. "असू दे हाताशी," एवढंच म्हणायच्या. मी मनातल्या मनात धुमसत होते. दिव्याने आपली अट पाळली होती, आता त्यांनी पाळायला नको?

वैशाखात मी पेठेच्या दवाखान्यात बाळंत झाले. मुलगा झाला. गुरांमुळे सासूबाईंना घर सोडून येता आलं नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा दिवस मावळून अंधार पडला होता. त्यांनी दारात आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत आले तर पाळणा बांधलेला, वर बल्ब लागलेला आणि कोनाडा रिकामा, शेणाने ताजा सारवलेला. चिमणी कुठे गेली ते मी विचारलं नाही. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

सासूबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं. दिव्याखाली सरकून बसल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, नाक कोणावर गेलंय ते ठरवताहेत.

"माझी चार बाळंतपनं ह्याच घरात झाली," त्या म्हणाल्या. "चारी बी रातीचीच. चिमनीच्या उजेडात एकाचं बी त्वांड धड दिसलं नाय. म्हनायची, उजाडल्यावर बघीन. थोरला मातुर उजाडायच्या आतच गेला. सकाळी तुझ्या सासऱ्यानं गुंडाळून नेला, मला बघू बी दिला नाय."

इतक्या वर्षांत ही गोष्ट घरात कोणी काढली नव्हती. नवरा दारात उभा होता, त्यालाही ती ठाऊक नसावी.

त्यांनी दुपटं हलकेच बाजूला केलं. बाळाचा कान बघितला, मग दुसरा. मुठी उघडून बोटं बघितली, तळव्यांवरच्या रेषा बघितल्या, पायाची नखं बघितली. नवऱ्याने ताटं वाढल्यावर मी दोनदा हाक मारली.

"जेवा गं तुमी," त्या मान वर न करता म्हणाल्या. "माझं बघून नाय झालं अजून."