वैजयंतीचे बावीस छर्रे

दोन हजार दोनच्या मार्चमध्ये वैजयंतीला नोकरीचं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात तिच्या सायकलीने आवाज करायला सुरुवात केली. उजवं पायडल खाली गेलं की कट्ट. डावं खाली गेलं की पुन्हा कट्ट.

नोकरी नव्याने निघालेल्या एका शाळेच्या ग्रंथालयात होती. रुजू होण्याची तारीख एक एप्रिल, सोमवार, सकाळी सव्वासात. शाळा दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीपासून चार किलोमीटर. तेव्हा द्वारकेत रस्ते भरपूर होते, पण त्यांच्यावरून धावायला काही नव्हतं. रुंद डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना अर्धवट बांधलेल्या इमारती, मधे वाळूचे ढीग, आणि सकाळी सात वाजता सायकलरिक्षावाले झोपेत. मेट्रो येणार म्हणून जाहिरातीतच फक्त वाचायचं. तिचा नवरा अविनाश सहा वाजता मानेसरच्या कंपनीच्या बसमध्ये बसून निघून जायचा. म्हणजे सायकल चालली तर नोकरी, नाहीतर सतरा वर्षांच्या संसारानंतर आलेलं पहिलं पत्र कपाटात ठेवून द्यायचं. इतकं सरळ होतं.

सायकल तिने पुण्याहून सामानाच्या ट्रकमधून आणली होती. सोसायटीत बायका सायकल चालवत नसत. पहिल्या आठवड्यात भल्ला आंटींनी लिफ्टमध्ये तिला मायेने समजावलं होतं, "बेटा, साइकिल तो काम वाली चलाती है. लोग क्या समझेंगे?" वैजयंती म्हणाली, "समझेंगे कि मैं कहीं जा रही हूँ." मी त्या लिफ्टमध्ये होते. तिथूनच आमची मैत्री.

कट्टकट्ट कशामुळे होतंय ते तिला ठाऊक होतं. दोन पायडलांना जोडणारा जो आडवा आस असतो, त्याच्या दोन्ही टोकांना वाटीसारखे कप असतात आणि त्यांत पोलादी छर्रे फिरतात. ते झिजले होते. दिवाळीआधी गेटबाहेरच्या मिस्त्रीने एकदा ते बदलले होते. त्याच्याकडे हत्यारं दोन, छन्नी आणि हातोडा. कपाला घट्ट धरणारी जी दातेरी चकती वर असते, तिला छन्नी लावून त्याने ती ठोकून फिरवली, तिचे दात मोडले, आणि घट्ट बसवल्याचं सांगून पैसे घेतले.

"पुन्हा त्याच्याकडे नाही," वैजयंती म्हणाली. "हत्यारं आणते आणि घरीच करते."

"तू?" अविनाशने विचारलं. तो बेअरिंगचाच माणूस. मानेसरच्या कारखान्यात गाड्यांची बेअरिंगं तपासणाऱ्या क्यू.सी. विभागात होता. जपानी लोकांनी बसवलेली यंत्रं, पांढरे हातमोजे, केसाच्या शंभराव्या भागाइतकी मापं. घरात मात्र त्याने आजवर फक्त बल्ब बदलला होता.

"मग तू करतोस?"

"माझा शनिवार चालू आहे यार, वैजू. सोमवारी ऑडिट आहे."

"मग विचारू नकोस."

हत्यारं आणायला ती पालमच्या बाजारात गेली तेव्हा मी बरोबर होते. जाण्याआधी तिने एक युक्ती केली. कपावरच्या त्या चकतीवर कागद धरून वरून पेन्सिल घासली. नाण्याचा ठसा मुलं काढतात तशी. चकतीचे दात, त्यांतलं अंतर, सगळं कागदावर उतरलं. पायडलच्या दांड्यात ठोकलेल्या खिळीचाही, म्हणजे कॉटर पिनचा, ठसा घेतला.

सायकलच्या सामानाच्या दुकानात लालाजी गल्ल्यावर होते. "बहनजी, मिस्त्री को भेज दो."

"मिस्त्री मैं ही हूँ. चकती घुमाने वाला पाना दिखाइए."

त्यांनी एक पत्र्याचा पाना पुढे केला. त्याला दहा भोकं, एका टोकाला आकडा. "ये सबमें लगता है. पूरे बाजार में यही बिकता है."

वैजयंतीने तो कागदावरच्या ठशावर ठेवला. आकडा दातांमधल्या खाचेत मावतच नव्हता, बाहेर डोकावत होता. मग तिने तो काउंटरच्या लोखंडी कडेला अडकवून जोर दिला. आकडा वाकला. लालाजींचा चेहरा पडला.

"ये किसी में नहीं लगता, लालाजी. दूसरा?"

दुसरा आतून आला. घडवलेल्या लोखंडाचा, जाड, काळा, एकाच मापाचा. तो ठशावर असा बसला की पेन्सिलीची रेघ दिसेनाशी झाली. नंतर तिने पातळ पाना मागितला, कपाच्या अरुंद कडेला धरायला. जाड पाना कप आणि चकती दोन्ही एकदम पकडतो, मग एक फिरवताना दुसरंही फिरतं, असं ती मला सांगत होती. लालाजी ऐकत होते. तिसऱ्या मागणीला त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"दाहिनी तरफ वाला कप मत छेड़ना," ते म्हणाले. "उसकी चूड़ी उल्टी है. बाईं तरफ से खोलो, दाहिना अंदर ही साफ कर लो." चूड़ी म्हणजे आटे.

दोन नवे कॉटर, ग्रीसचा छोटा डबा, झालं. छर्रेही तिथेच होते, बरणीत. पण अविनाशने सकाळी बजावलं होतं, "छर्रे बाजारातले नको. मी आणतो, बिल्कुल फर्स्ट क्लास." छर्र्यांच्या बाबतीत नवऱ्याचं ऐकायला हवं, असं तिला वाटलं. त्याचा तो पेशा होता.

शुक्रवारी तो दोन वस्तू घेऊन आला. एक, कारखान्याच्या स्टोअरमधून सही करून आणलेला तीन पायांचा पुलर, नारळाएवढा. दुसरी, त्यांना माल पुरवणाऱ्या दुकानातून घेतलेली छर्र्यांची पुडी.

वैजयंतीने पुलर सायकलभोवती फिरवून बघितला. "ह्याने पकडायचं काय?"

"बेअरिंग ओढून काढायचं."

"अरे, इथे ओढायला काही नाहीये. उघडलं की छर्रे आपोआप खाली पडतात."

"म्हणजे सील्ड, बंद बेअरिंग नाही?" तो खरंच चकित झाला होता.

त्यांची मुलगी नववीत होती, पूर्वी तिचं नाव. ती हसून लोळायला लागली. "बाबा, ये साइकिल है, मारुती नहीं!"

शनिवारी सकाळी गच्चीवर जुनी चादर अंथरून वैजयंतीने काम काढलं. सायकल धरून ठेवायला मला बसवलं. कॉटर हातोड्याने ठोकला की त्याचं डोकं फुगतं आणि तो जन्मभर निघत नाही. म्हणून तिने दांड्याखाली नळाच्या पाइपचा तुकडा उभा केला, कॉटरवर घरातला पितळी बत्ता ठेवला आणि बत्त्यावर हातोड्याचा एकच सणसणीत घाव घातला. पितळ मऊ, कॉटरला ओरखडा नाही. तो सुळकन खाली. दुसराही तसाच. काळा पाना चकतीच्या मोडक्या दातांतल्या एका धड खाचेत बसला आणि मिस्त्रीने ठोकून बसवलेली चकती कुरकुरत सुटली. कप उघडला. स्टीलच्या वाटीत जुने छर्रे टपटप पडले. काळे, काही खड्डे पडलेले. एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा.

पुसून, ग्रीस लावून, नवे भरले. भरताना ती क्षणभर थांबली. "ताई, जागा जास्त राहतेय का हो?" मला काय कळणार? "कारखान्याचे आहेत, बरोबरच असतील," असं तीच म्हणाली आणि कप फिरवून बंद केला.

संध्याकाळी ती खाली सोसायटीत दोन-चार फेऱ्या मारायला गेली. तिसऱ्या फेरीला पुन्हा आवाज. आता कट्ट नव्हतं, खरर्र होतं. पायडलचं दातेरी चाक बाहेर सरकून चेनकव्हरला घासत होतं, आणि दांडा हातात धरून हलवला की सैल दातासारखा हलत होता. भल्ला आंटी बाकावर होत्या. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

अविनाश कामावरून आला, त्याने दांडा हलवून बघितला. "वैजू, हे बघ. शाळेच्या मॅडमना फोन करून सांग, मेपर्यंत वेळ द्या. तोवर काहीतरी सोय करू."

"मे महिन्यात शाळेला सुट्टी असते," ती म्हणाली. "आणि एक तारखेला न आलेल्या बाईची वाट कोण बघतं?"

तिने सगळं पुन्हा उघडलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पूर्वीच्या दप्तरातली फूटपट्टी ठेवली, कडेला दुसरी पट्टी लावली आणि मधल्या फटीत अकरा जुने छर्रे ओळीने लावले. सात सेंटिमीटरला जेमतेम कमी. त्याच्याखाली अकरा नवे. सहा सेंटिमीटर सहा मिलिमीटर.

"अविनाश, इकडे ये."

तो आला, वाकला. नव्या ओळीचं टोक नखाने जुन्या ओळीशी ताडून बघितलं.

"सहा मिलिमीटर," तो हळूच म्हणाला. "मी सहा एमएमचे मागितले. आमच्याकडे एमएमशिवाय कुणी बोलतच नाही."

"सायकल इंचात आहे. पाव इंच. तुझी जपानी माणसं यायच्या आधीपासून आहे ती."

"एका छर्र्यामागे साडेतीन दशांश एमएमचा फरक," तो म्हणाला. मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. "आमच्या लाइनवर एवढा फरक निघाला तर पूर्ण लॉट परत पाठवतो मी."

"मग पाठव परत."

"आई, तू क्यू.सी.मध्ये जा ना," पूर्वी म्हणाली. "बाबांची बॉस हो."

रविवारी लालाजींनी बरणीतून बावीस छर्रे मोजून दिले. ती दुकानातून निघताना ते शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "इनसे पूछ लो कौन सा पाना लेना है." दुपारी मी आणि पूर्वी बघत बसलो आणि तिने स्वतःच्या हाताने सगळं बसवलं. अविनाश कपडे खराब होतील म्हणून बनियनवर, हातात कापडाचा बोळा घेऊन शेजारी उभा होता आणि ती मागेल ते देत होता. "पातळ." "हं." "काळा." "हं." शेवटी तिने दांडा हलवला. हलला नाही. बोटाने फिरवला. फिरत राहिला, आणि कान लावून बसलेल्या आम्हा तिघांना काहीही ऐकू आलं नाही.

सोमवारी ती सात वाजता शाळेच्या फाटकाशी पोचली. पदराला ग्रीस नाही, श्वास चढलेला नाही. हे तिनेच मला संध्याकाळी सांगितलं. गार्डने साडीतली बाई सायकलवरून उतरताना बघितली आणि हाताने दाखवलं, "मैडम, साइकिल उधर, बच्चों के स्टैंड में. इधर स्टाफ की गाड़ियाँ लगती हैं."

वैजयंतीने सायकल हातात धरूनच बॅगेतून पत्र काढलं आणि त्याच्यापुढे उघडं धरलं.

"स्टाफ की गाड़ी है," ती म्हणाली, आणि दोन मारुतींच्या मधे, सावलीत, सायकल स्टँडवर चढवली.