तोंडाचा वास

संशय घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही. दूधवाल्याच्या चेहऱ्यावरून मी दुधातलं पाणी ओळखते. पलूसच्या अकॅडमीत माझा मुलगा सैन्यभरतीची तयारी करतो. तिथले सर एकदा म्हणाले, "ताई, पोरगं पळताना शेवटच्या फेरीत गरगरतंय म्हणून बसतंय. घरी जरा लक्ष ठेवा." पुढचं त्यांना सांगावंच लागलं नाही. पोरगं सिगरेट ओढतंय, हे मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. भरती चार महिन्यांवर आलेली, वडील फौजेत लांब. पोराचा दम गेला तर त्यांना काय तोंड दाखवू, या विचारानं माझी झोप उडाली.

रोज तो घरी आला की मी दारातच. कॉलर हुंगायची, बोटं हुंगायची, "तोंडानं हा कर" म्हणायचं. काहीच हाती लागेना. पण खिशात दोनदा लवंगा सापडल्या. एवढ्याशा पोराला लवंगा कशाला लागतात? त्याच्याबरोबर पळणारा पाटणचा एक मुलगा कोयनेच्या घाटात हात सोडून मोटरसायकल चालवतो, असं ऐकून होते. सगळं खापर मी त्याच्यावर फोडलं.

एका संध्याकाळी मुलगा आंघोळीला गेला आणि मी त्याची बॅग उपसली. बुटातल्या मोज्यात प्लास्टिकची डबी निघाली. उघडली तर मिश्री. तीही माझीच. तंबाखू तव्यावर इतकी काळी करपवणारी आमच्या गल्लीत मी एकटी आहे. सकाळ-संध्याकाळ माझ्या हिरड्यांना तीच लागते, मग त्याच्या तोंडाचा वास मला कसला येतोय! मला राग आला आणि लाजही वाटली. रागच आधी बाहेर पडला.

"कुणी शिकवलं रं हे? त्या पाटणच्यानंच ना?"

"त्यो कशाला शिकवंल? त्यो सुपारीबी खात न्हाई."

"मग कुणी?"

तो टॉवेलनं डोकं पुसत राहिला. "आठवीत माझी दाढ दुखत व्हती, तवा तूच बोटानं लावलीस की, आई."

खोटं बोलतोस म्हणायला मी तोंड उघडलं, आणि आठवलं. पहिल्या दिवशी त्याला चक्कर येऊन उलटी झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून माझ्यासमोर आ केला, तेव्हा गुण आला म्हणून मी केवढी खूश झाले होते.