चिंधी बांधलेला दोडका

आमच्या शेजारी सुमनबाई राहतात. हे लेखन त्यांच्यावर आहे. तरी दर चार ओळींनी मी मध्ये डोकावेन, कारण गेल्या वर्षी त्यांच्या आयुष्यात जे काही वाकडं झालं, त्यात माझा हात होता. डोकावायची मला तशी जुनी खोड. नांदेडला घर बांधलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, कंपाउंड सात फूट घेऊ. मी म्हटलं, छातीइतकंच ठेव. भिंतीपलीकडचं दिसलं नाही तर माणसानं संध्याकाळी करायचं काय?

सुमनबाई मुखेड तालुक्यात एकतीस वर्षं नर्स होत्या. एसटीनं जायचं, फाट्यावर उतरायचं, लसीचा डबा खांद्याला अडकवून वस्तीपर्यंत चालायचं. अजूनही लहान पोर दिसलं की त्यांची नजर आधी त्याच्या दंडावर जाते. बोलणं तोंडावर. मी राहायला आलो त्या दिवशी पेढे घेऊन गेलो, तर पेढा बाजूला ठेवून म्हणाल्या, "वैजनाथभाऊ, पोट वाढलंय तुमचं. शुगर तपासून घ्या." तपासली. निघाली. तेव्हापासून या बाईंची एकदा तरी गंमत करायची, असं मी मनाशी घेतलं होतं.

त्यांच्याकडं दोडक्याचं एक बी होतं, आईकडून आलेलं. आईला जमीन नव्हती. दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची आणि घरामागं हातभर जागेत हे बी टोचायची. वेल छपरावर चढायचा आणि पावसाळाभर घर हिरवं दिसायचं. सुमनबाईंना नोकरी लागली तेव्हा आईनं पदराची गाठ सोडून बी हातावर ठेवलं. पुढं त्यांच्या सात बदल्या झाल्या. ऑर्डर हातात आली की आधी बी बांधायच्या, मग भांडी.

आणि मी? मी शेतकऱ्याचं पोर. चाकूरजवळ भाऊ ग्यानोबा अठरा एकर सोयाबीन करतो. इथं कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "आम्ही मुळातले शेतकरी." गच्चीवर चौदा कुंड्या आहेत. सगळं बी दुकानातलं, पाकिटावरचं चित्र बघून आणलेलं. चित्रासारखं आजवर काहीही आलेलं नाही.

गेल्या आषाढात सुमनबाईंनी जाहीर केलं, की जानेवारीच्या पहिल्या रविवारी विहाराच्या हॉलमध्ये कॉलनीतल्या सगळ्या कुंडीवाल्यांनी जमायचं, बियाणांची अदलाबदल करायची. दुकानातलं पाकीट चालणार नाही. घरचं बी आणायचं, कुणाच्या हातचं ते सांगायचं, आणि त्यात काही खोट असली तर तीही सगळ्यांसमोर सांगायची.

मी भिंतीवर कोपर टेकवून विचारलं, "ताई, ही अदलाबदल आहे का सोयरीक?"

"सोयरिकीत खोट लपवतात भाऊ. इथं न्हाई चालायचं."

बोलायला ठीक होतं, पण त्या वर्षी त्यांचीच पंचाईत झाली होती. डब्यातल्या बियांना कीड लागली, तीनच धड निघाल्या, आणि तिन्हीतली एकच उगवली. आईच्या दोडक्याचा तेवढा एक वेल उरला. तो आमच्या सामाईक भिंतीवर चढला आणि भादव्यात त्याला पहिला दोडका धरला. सरळसोट, हिरवागार, शिरा अशा की फुटपट्टीनं आखलेल्या. सुमनबाईंनी त्याच्या देठाला जुन्या पांढऱ्या साडीची चिंधी बांधली.

"ताई, तुम्ही तर नजर-बिजर मानत नाही. मग हे काय?"

"नजरेसाठी न्हाई. तुमच्या हातासाठी हाय. हा बियाला ठेवलाय, ह्याला शिवायचं न्हाई."

आठच दिवसांत त्यांना लातूरला जावं लागलं. मुलीचं, धम्मप्रियाचं, बाळंतपण होतं. जाताना माझ्या बायकोला, मंजुषाला, बजावलं, "वेलाला दोडके येऊन राहिले, ते तोडून खा, नायतर वेल थकतो. चिंधीवाला तेवढा सोडा."

त्यांची बस लातूर रोडला लागली नसेल तोवर माझं डोकं चाललं. चिंधीवाल्याच्या शेजारीच दुसरा एक दोडका लोंबत होता. लहानपणी माशीनं डंख मारल्यामुळं विळ्यासारखा वाकलेला. म्हटलं, चिंधी सोडावी आणि ह्याच्या गळ्यात बांधावी. बाई येतील, बघतील, दचकतील. आपण भिंतीवरून हसू आणि खरा दोडका दाखवू. संध्याकाळी झाडांना पाणी घालता घालता चिंधी बदलली. दोन मिनिटांचं काम. स्वतःवर इतका खूश झालो की त्या दिवशी चहात साखर घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटात दोडक्याची भाजी आली, हरभऱ्याची डाळ घालून. बाजूला शिरांची चटणी, तीळ लावून. काय सांगू! गोडसर, कोवळा, जिभेवर विरघळणारा. मी तिसरी भाकरी मागितली.

"कुठून आणलास गं हा?"

"भिंतीवरचा. मोठा होता तो तोडला," मंजुषा म्हणाली. "चिंधीवाला ठेवलाय, काळजी करू नका."

म्हणजे मी खात होतो तो खरा चिंधीवाला. बायकोला सांगावं, तर पुढचा महिनाभर घरात चटणीच. मी काही झालंच नाही असं दाखवायला चौथी भाकरी घेतली.

सव्वा महिन्यानं सुमनबाई परतल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी भिंतीजवळ गेल्या. चिंधीची गाठ चाचपली.

"भाऊ, जाताना हा सरळ होता की वो."

खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "हवामान बदललंय ताई. सगळीकडं वाकडंच येऊन राहिलंय."

त्यांनी मान डोलावली. माझ्यासारख्यावर त्यांनी विश्वास ठेवला. अजून राग येतो मला त्याचा. मग त्यांनी दोष स्वतःकडं घेतला. मीच सोडून गेले, म्हणून ह्याचे हाल झाले. कुपोषित लेकराचं करावं तसं त्या त्या दोडक्याचं करू लागल्या. मुळाशी ताक, राख, शेणपाणी. वाऱ्यानं हलू नये म्हणून खालून जुना टॉवेल. मी भिंतीवरून म्हणून बघितलं, "ताई, अजून एखाद्याला बांधा की चिंधी." त्यांचं एकच, "आई पहिल्यालाच बांधायची." त्यानंतर आठ दिवस पाऊस असा कोसळला की वेल मुळातून कुजला, आणि कळ्या, फुलं, कोवळे दोडके सगळं गेलं. तो वाकडा तेवढा चिंधीसकट उरला. सुकल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला.

जानेवारीचा रविवार आला. हॉलमध्ये सतरंज्यांवर चाळीसेक माणसं बसली होती. पेपरच्या पुड्या, औषधाच्या बाटल्या, श्रीखंडाचे डबे. मी मोकळ्या हातानं गेलो होतो. मंजुषाजवळ तिनं घरी धरलेलं मेथीचं बी होतं. कॉलनीतल्या पार्वतीबाईंनी देगलूरकडच्या वांग्यांचं बी आणलं होतं. उभ्या राहून म्हणाल्या, "सासूच्या हातचं बी हाय. खोट म्हंजे काटे लई. आमची सासू बी तशीच व्हती, पण दोघींचीही चव घ्यावी." हॉल हसला, आणि वांग्याच्या बियांवर उड्या पडल्या.

मग सुमनबाई उठल्या. सुकलेला दोडका कानाशी हलवला, आत बिया वाजल्या. टोकाची टोपी मोडली आणि पेपरवर काळ्या, भरलेल्या बिया सांडल्या. मोजल्या तर चौदा. आईची, छपराची, सात बदल्यांची गोष्ट सांगितली. हात पुढं यायला लागले होते.

"थांबा," त्या म्हणाल्या. "खोट सांगायची राहिली. दोडका सरळ धरतो, पण पुढं वाकडा होतो. औंदा तसं झालं. मागून म्हणू नका, सुमनबाईनं सांगितलं न्हाई."

हात जिथल्या तिथं थबकले. पार्वतीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "वाकडा सोलायला लई तरास असतो हो ताई." कुणीतरी वांग्याकडं वळलं. सुमनबाईंनी पेपर चारी बाजूंनी दुमडायला घेतला. "राहू द्या मग. आईच्या नावानं वाकडं बी वाटू नये माणसानं. इथंच थांबवते."

मी उठलो. का उठलो ते मला माहीत नाही; एरवी अशा वेळी मी चप्पल शोधतो.

"ताई, खोट बियात नाही. माझ्यात आहे." आणि सगळं सांगितलं. चिंधी, विळ्यासारखा दोडका, हवामान. "वेल एकच, बी एकच. ह्याला माशीनं डंख मारला म्हणून हा वाकला. तुमचा पहिला शेवटपर्यंत सरळच होता."

आधी मंजुषाच बोलली. "म्हणजे तो मी तोडला? आणि तुम्ही समजून-उमजून तीन भाकरी खाल्ल्या?"

"चार," मी म्हणालो. खरं बोलायला उठलोच होतो.

कुणी हसलं नाही. सुमनबाई माझ्याकडं बघत होत्या. "महिनाभर ताक पाजलं मी त्याला."

"हाव ताई."

"रोज सकाळी त्याची माफी मागत होते, भाऊ. दोडक्याची."



त्यांनी पेपर पुन्हा उलगडला. "सरळ होता ना?"

"काठीसारखा."

"चव?"

मी खाली बसायला लागलो.

"खाल्लाय ना तुम्हीच? मग सांगा ह्या लोकांना. बसू नका, उभ्यानंच सांगा."

सांगितलं. डाळ, शिरा, तीळ, गोडी, सगळं. आयुष्यात मी इतकं खरं आणि इतकं ओशाळून कधी बोललो नसेन. माझं बोलणं संपेपर्यंत पार्वतीबाईंचा तळवा पुढं आला होता. मग दुसरा, तिसरा. प्रत्येकाला दोन-दोन बिया, पाच घरांत दहा. दोन त्यांनी स्वतःला ठेवल्या, दोन उरल्या. मीही हात पुढं केला.

"तुम्ही काय आणलं?"

"काही नाही, ताई."

"मग काही न्हाई. मंजुषा, मेथी आण इकडं. ह्या दोन तुझ्या. तुझ्या नावानं."

फेब्रुवारीत मंजुषानं गच्चीवर बी लावलं आणि गच्चीला कुलूप लावलं. किल्ली तिच्याजवळ असते. माझ्या चौदा कुंड्यांना पाणी घालायचं झालं तर ती सोबत येते आणि तोवर वेलाच्या पुढ्यात उभी राहते. सुमनबाई रोज संध्याकाळी बघायला येतात. जिन्यात मी बसलेलो असतो. बाजूनं निघून जातात. पहिला महिनाभर बोलल्याच नाहीत. काल मी खालून हिय्या करून ओरडलो, "ताई, फूल आलं का?"

वरून आवाज आला.

"आलंय. पिवळंधमक. तुम्ही खालीच थांबा."