राजाच्या चर्चआधीची लाँड्री

कुठल्याही इमारतीवरची पाटी वाचली की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "बरं. आणि ह्याच्या आधी?"

ईलिंगच्या लायब्ररीत स्थानिक इतिहासाची कपाटं आम्ही दोघी सांभाळायचो. मी पगारी, त्या निवृत्त शिक्षिका, हौसेनं येणाऱ्या. विश्वास कशावरच नाही. चहात साखर घातली नाही असं मी शपथेवर सांगितलं, तरी आधी चमचा चाटून बघणार. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच.

जवळच एक ऑर्थोडॉक्स चर्च आहे. देश सोडावा लागलेल्या एका राजानं लंडनमध्ये असताना ते बांधवून घेतलं, म्हणून दारावर मुकुट कोरलाय. चर्चच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं : राजाच्या कृपेनं मोकळ्या जागेवर उभं राहिलेलं मंदिर.

"मोकळी? लंडनमध्ये?" बाई म्हणाल्या. "मला डाऊट आहे."

मी हसले. तशा त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या गावच्या देवळाच्या इतिहासातही मोकळी जागाच लिहिलीय गं. तिथं माझ्या आजोबांचं घर होतं. सगळी वस्तीच होती आमची."

आम्ही चर्चमध्ये गेलो. दाढीवाले पाद्री दारातच आडवे उभे राहिले. "तुम्हाला कौन्सिलनं पाठवलं का? जागेवर कुणाचा क्लेम आहे?" बाईंनी आणि त्यांनी एकमेकांना असं न्याहाळलं, की खिसे तपासायचेच काय ते बाकी राहिले.

मग कित्येक आठवडे जुने नकाशे आणि जनगणनेचे कागद. शेवटी सापडलं : तिथं लाँड्री होती, आणि मागच्या खोल्यांत अकरा धोबिणी राहायच्या. चर्चसाठी त्या खोल्या पाडल्या होत्या. बाईंनी अकरा नावं वळणदार अक्षरात लिहून पाद्र्यांना नेऊन दिली.

त्यांनी कागद उलटा करून पाहिला. "आणि पुढं काय मागाल?"

"काही नाही. एवढं वाचा."

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

पण मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या दिवशी, राजाच्या नावानंतर, त्यांनी ती नावं एकेक करून वाचली. मागं उभ्या राहून बाई बोटांवर मोजत होत्या. अकरावं नाव झालं तेव्हा त्यांनी पदर तोंडाशी धरला. बाहेर आल्यावर मात्र म्हणाल्या, "दोन उच्चार चुकले. चालेल."

त्याच हिवाळ्यात बाई गेल्या. हॅरोच्या एका हॉलमध्ये आम्ही त्यांच्यासाठी बुद्धवंदना ठेवली. मागच्या रांगेत काळ्या झग्यातले ते पाद्री उभे होते, नुसत्या मोज्यांवर, ओले बूट छातीशी धरून. ते कुठं ठेवायचे हे कुणाला विचारावं, त्यांना समजत नव्हतं.